'दिर्वोसेइ' नावाची वनस्पती

एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात झालं आणि पीएच.डी.ला वाचायला आलं सोळाव्या शतकातलं पोर्तुगीज. गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. इथल्या औषधींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. सगळं संवादात आहे: रुआनो विचारतो, ओर्ता उत्तर देतो. मिरजेत बसून मी ते स्कॅनवरून वाचतो.

सुरुवातीला माझ्या वनस्पतींच्या यादीत 'दिर्वोसेइ' अशी एक नोंद होती. कोशात सापडेना, म्हणजे नक्की स्थानिक नाव असणार, असं मी धरून चाललो होतो! प्रत्यक्षात ते क्रियापद निघालं. अर्थ: 'तुम्हाला सांगेन'.

आज हे 'दिर्-वोस्-एइ' असं जोडरेघा देऊन लिहितात; जुन्या छपाईत तशा रेघा नाहीत. 'दिर्' म्हणजे सांगणे, 'वोस्' म्हणजे तुम्हाला. आणि 'एइ'? ते मुळात 'माझ्याकडे आहे' या अर्थाचं स्वतंत्र क्रियापद. 'सांगणं मजकडे आहे' यातून 'सांगेन' तयार झालं. दोन शब्द पूर्ण चिकटले नव्हते तेव्हा सर्वनाम मधल्या फटीत बसत असे, ते तिथंच राहिलं. मराठीत 'सांग-तुम्हाला-एन' म्हणून बघा, म्हणजे गंमत कळेल.

आता उच्चार. मी रेघांवर थांबून वाचायचो, ते चूक होतं. रेघ व्याकरणाचा सांधा दाखवते, अक्षराचा नाही. आजच्या लिस्बनच्या उच्चारात अक्षरं पडतात दिर्-वु-झेइ, आघात शेवटच्यावर. 'वोस्'मधला स् पुढच्या स्वराला जाऊन चिकटतो आणि घोष होतो. (हा झ 'झरा'तल्यासारखा, 'झेंडा'तला नव्हे.) आपल्याला हे नवं नाही. वाक् + ईश = वागीश; सांधा क् नंतर आहे, पण बोलताना वा-गीश. शाळेत संधी घोकल्या त्या इथं कामी आल्या.

'फा-लो-एइ' (ते करीन) आणखी फसवं आहे. तिथं 'फार्'मधला र् गळतो, 'ओ'चा 'लो' होतो, आणि मूळ धातू 'फाझेर' कोशात शोधावा लागतो. ब्राझीलच्या बोलण्यातून ही रूपं जवळपास गेलीत, त्यामुळे तिकडचे व्हिडिओ ऐकून शिकणाऱ्याला ती भेटतच नाहीत.

म्हणून न ओळखलेल्या लांब शब्दाच्या शेवटी 'एइ' किंवा 'इआ' दिसलं, की मी आधी मधलं सर्वनाम काढून बघतो. यादीतून आतापर्यंत तीन 'वनस्पती' कमी झाल्यात.