इसेन्शियल ऑइल त्वचेला लावताना किती पातळ करावे?

नीलगिरी, टी ट्री, लव्हेंडर, लवंग अशी तेले आता सहज मिळतात. वनस्पतीपासून काढलेली म्हणजे निर्धोक, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात हे अतिशय तीव्र अर्क आहेत. थेट लावल्यास त्वचेची आग होते, ती लाल होते, कधी फोडही येतात. काहींना ॲलर्जी होते. ती बहुधा कायम राहते आणि पुढे तोच घटक असलेल्या साबणाने किंवा क्रीमनेही पुरळ उठू शकते.

कशात मिसळावे?
खोबरेल, तीळ किंवा बदाम तेलात. इसेन्शियल ऑइल पाण्यात विरघळत नाही. आंघोळीच्या बादलीत टाकलेले थेंब वर तरंगतात आणि तसेच तीव्र स्वरूपात अंगाला लागतात.

प्रमाण
साधारण 20 थेंब म्हणजे 1 मिली. त्यामुळे 5 मिलीचा एक चमचा साध्या तेलात 1 थेंब टाकल्यास मिश्रण सुमारे 1 टक्का होते.

- चेहरा व नाजूक त्वचा: 2 चमचे तेलात 1 थेंब
- हात, पाय, पाठ: 1 चमचा तेलात 1 ते 2 थेंब
- लवंग तेल: 2 चमचे तेलात 1 थेंबापेक्षा जास्त नको
- दालचिनीचे तेल: घरी लावूच नये

आधी चाचणी करा
तयार मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावा आणि 48 तास वाट पाहा. खाज किंवा लाली आल्यास वापरू नका.

हे टाळा
- डोळे, जखम, इसब असलेली त्वचा
- लिंबू किंवा बर्गामोटचे तेल लावून उन्हात जाणे
- जुने, बराच काळ उघडे राहिलेले तेल. त्याने ॲलर्जीचा धोका वाढतो
- दोन वर्षांखालील बाळाच्या नाकाजवळ किंवा छातीवर नीलगिरी, पुदिना, कापूर यांची तेले. श्वासाला त्रास होऊ शकतो

गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

त्रास झाल्यास
आग होत असेल तर साध्या तेलाने पुसून घ्या, मग साबण व पाण्याने धुवा. डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने धुवा. फोड, सूज किंवा दम लागल्यास लगेच डॉक्टरांकडे जा.

मुलाने नीलगिरी किंवा कापराचे तेल गिळल्यास थोड्या प्रमाणातही झटके येऊ शकतात. उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन तातडीने रुग्णालय गाठा. म्हणूनच या बाटल्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशाच ठेवा.