टेप गेली, मग जपायचं कोणी?

पॉडकास्टसाठी प्रोफेशनल कॅमेरा घ्यायचं ठरलं. आधी भाड्यानं आणून पाहिला आणि आजीची मुलाखत घेतली. कॉपी झाली असेल असं समजून मी कार्ड फॉरमॅट केलं. झाली नव्हती.

म्हणून आज थोडा इतिहास. १९९५ साली मिनी-डीव्ही टेप आली. एका टेपवर तासभर शूटिंग. भरली की लेबल लावायचं आणि कपाटात ठेवायची. शूटिंग तिच्यावरच, जपणूकही तिच्यातच.

२००५ मध्ये पॅनासॉनिकचा एचव्हीएक्स२०० आला. एचडीसाठी टेपऐवजी पी२ कार्ड. ८ जीबीच्या कार्डात १०८०चं शूटिंग जेमतेम ८ मिनिटं मावायचं. कार्डं महाग, त्यामुळे शूटिंग चालू असतानाच लॅपटॉपवर रिकामी करून परत वापरायची. सेटवर डेटा सांभाळायला वेगळा माणूस लागू लागला.

मार्च २०११ च्या त्सुनामीत जपानमधल्या सेंदाईजवळच्या सोनीच्या कारखान्यात पाणी शिरलं. एचडीकॅम-एसआर टेप तिथे बनायची. तुटवडा पडला, आणि टीव्हीवाले फाइलकडे आणखी घाईनं वळले.

यात एक गोष्ट बदलली. टेप काहीही न करता जपली जायची. कार्ड पुसावंच लागतं, म्हणून जपणं हे आता वेगळं काम आहे. त्यामुळे कॅमेऱ्याच्या बजेटमध्ये आम्ही दोन हार्ड डिस्क धरल्यात. दोन्हींवरच्या कॉपीचा चेकसम जुळेपर्यंत कार्डाला हात लावायचा नाही.

आजीनं सगळं पुन्हा सांगितलं. पण पहिल्यांदा जिथे हसली होती, तिथे या वेळी हसली नाही.