सुगंधी सूक्ष्मकोश (मायक्रोकॅप्सूल)

सुगंधी तेलाचे बारीक थेंब पॉलिमरच्या पातळ कवचात कोंडून तयार केलेले कण. व्यास साधारणतः १ ते १,००० मायक्रोमीटर. कपड्यांचे सॉफ्टनर, डिटर्जंट, सुगंधी कागद यांत वापर. कवच घासले की फुटते आणि वास सुटतो.

हे तंत्र आले कागदाच्या धंद्यातून. अमेरिकेतील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत बॅरेट ग्रीन व लोवेल श्लायशर यांनी १९५० च्या दशकात जिलेटीन व अरबी डिंकाच्या कवचात रंगद्रव्य भरून कार्बनविना नक्कल उमटवणारा कागद सिद्ध केला. खरवडून वास घेण्याची कार्डे त्यानंतरची.

कृती : तेल पाण्यात वेगाने घुसळतात; थेंबाचा आकार इथेच ठरतो. मग पाण्यातील मेलामाइन-फॉर्माल्डिहाइडचे रेझीन आम्ल व उष्णता देऊन थेंबाभोवती बसवतात. दुसऱ्या रीतीत तेलात आयसोसायनेट व पाण्यात अमाइन असते. दोन्ही थेंबाच्या पृष्ठावर भेटतात आणि पॉलियुरियाची भिंत उभी राहते.

मोगऱ्याचा वास असा कोंडायला अवघड; कारणाची सुरुवात कळीपासूनच होते. जव्हार, मोखाडा, विक्रमगड (जि. पालघर) येथील शेतकरी मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या पहाटे खुडून दादरच्या फूलबाजाराकडे धाडतात. कळीत वास साठवलेला नसतो. खुडल्यावरही ती जिवंत असते आणि संध्याकाळी उमलताना वास घडवते. म्हणून विकायची ती कळीच. उमललेल्या फुलाला कोण विचारतो? कारखान्यात मात्र घडून गेलेला वासच हाती येतो, आणि त्याचे घटक नेमके गैरसोयीचे. बेंझिल ॲसिटेट पाण्यात थोडेफार विरघळते, त्यामुळे भिंत पुरी होण्याआधीच काही अंश निसटतो. मिथिल अँथ्रानिलेटचा अमिनो गट फॉर्माल्डिहाइड व आयसोसायनेट दोहोंशी संयोग पावतो. म्हणजे कोंडायचा मालच भिंतीत खर्ची पडतो. त्यामुळे कोशासाठी पाण्यात कमी विरघळणारे, भिंतीच्या रसायनांशी संयोग न पावणारे घटक निवडून गंध नव्याने रचावा लागतो. तो मोगऱ्यासारखा असतो, मोगऱ्याचा नव्हे.

फुटलेली कवचे सांडपाण्यात जातात व सहजी कुजत नाहीत. युरोपीय संघाच्या २०२३ च्या सूक्ष्मप्लास्टिक निर्बंधात सुगंधी कोशांना १७ ऑक्टोबर २०२९ पर्यंत मुदत आहे. त्यामुळे जिलेटीन, डिंक, कायटोसान अशा जैवविघटनशील कवचांवर पुन्हा काम सुरू आहे. ती ओलाव्यात तेल धरून ठेवण्यात कमी पडतात.