रक्त, जात आणि विळा

ज्या समाजाने रक्ताच्या शुद्धतेवर माणसांची प्रतवारी लावली, त्याने प्रत्यक्ष रक्ताकडे पाहिले ते फार उशिरा. सिकलसेलचा इतिहास हा त्या उशिराचा इतिहास आहे. तो आपल्या चळवळीने वाचला पाहिजे असे मी मानतो.

१९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखविले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत या पेशी सापडल्या. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा नागपूरच्या धर्मांतराला दोनच वर्षे झाली होती. पुढे महार, गोंड, भिल्ल, पावरा यांच्याप्रमाणेच कुणबी आणि तेली समाजांतही हे जनुक आढळले. सूक्ष्मदर्शकाने गावकुसाची भिंत मानली नाही.

हे जनुक टिकले मलेरियामुळे. एकाच पालकाकडून ते आलेल्या वाहकाला मलेरियापासून काही संरक्षण मिळते, हे १९५४ मध्ये ॲलिसन यांनी मांडले. वाहक सहसा निरोगी असतो. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारात एक. मग हाडे ठणकतात, रक्त आटते, कावीळ होते. रोगजंतूंशी लढणारी प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते आणि साधा न्यूमोनिया मुलाचा जीव घेतो.

मग जातीने काय केले? बाबासाहेबांनी १९१६ च्या कोलंबियातील निबंधात जातीचे मर्म सजातीय विवाहात दाखविले होते. जातीने हा दोष निर्माण केला नाही. बेटीबंदीने तो त्याच त्या वस्त्यांत कोंडला. म्हणून 'हा तुमच्या जातीचा रोग' असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. आणि जातीबाहेर लग्न केले की तपासणी नको, असेही नाही.

अमेरिकेत ब्लॅक पँथरने १९७१ पासून वस्त्यावस्त्यांत सिकलसेलची तपासणी चालविली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण त्यांचे नाव घेतले. हे कामही घेण्याजोगे होते, आजही आहे.

गोराईचेच पाहा. येथील विपश्यना पॅगोडात बौद्ध बांधव महाराष्ट्रभरातून येतात. त्याच गोराईत आदिवासी पाडे आहेत. या आजारांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली, ती याच मुंबईत, परळला. पाड्यावरच्या बाईने मूल कडेवर घेऊन लाँचने खाडी ओलांडायची, बोरिवलीला यायचे, लोकल पकडायची. तिची दिवसाची मजुरी बुडते. नकाशावरचे अंतर थोडे, व्यवस्थेतले फार.

२०१६ च्या कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांना अपंगत्वाच्या यादीत घेतले. सरकारी नोकरीतील चार टक्के राखीव जागांतून मात्र त्यांना वगळले. २०२३ मध्ये केंद्राने २०४७ पर्यंत सिकलसेल संपविण्याची मोहीम जाहीर केली. प्राथमिक तपासणीला रक्ताचा थेंब पुरतो. लस, पेनिसिलीन आणि हायड्रॉक्सियुरिया यांनी मुले जगतात. पण कार्ड वाटले म्हणजे उपचार झाला असे नाही. निदान झालेल्या मुलाला औषध दरमहा मिळते काय, हे विचारणारे कार्यकर्ते हवेत.

म्हणून माझे मागणे थोडे आहे. शिक्षकांनी वारंवार गैरहजर राहणाऱ्या, सांधे दुखतात म्हणणाऱ्या मुलाला आळशी ठरवू नये, तपासणीला पाठवावे. विद्यार्थ्यांनी जयंतीच्या मंडपात एक टेबल रक्ततपासणीचे ठेवावे. आणि लग्न जमविताना पत्रिका फेकून द्यावी, रक्ताचा अहवाल पाहावा. जात मात्र विचारूच नये.