महाधिवक्त्याचे अधिकार आणि मुंबईबाहेरचा मुलूख

शहापूर-मुरबाडच्या मुलखातील किन्हवली हे गाव मुंबईपासून फार दूर नाही. तथापि कायद्याच्या दृष्टीने ते दीर्घ काळ मुंबईच्या बाहेर, म्हणजे ज्याला त्या काळी ‘मुफसल’ म्हणत त्या प्रदेशात मोडत असे. शासनाचा सर्वोच्च विधि-अधिकारी जो अॅडव्होकेट-जनरल, त्याच्या अधिकाराचा इतिहास अभ्यासताना ही गोष्ट नजरेआड करून चालत नाही. या पदाविषयी लिहिणारे बहुधा उच्च न्यायालयाच्या दालनातूनच त्याकडे पाहतात. ठाणे जिल्ह्यातून पाहिले असता त्याचे स्वरूप बरेच निराळे दिसते.

मुंबईचा अॅडव्होकेट-जनरल हा मूळचा कंपनीचा वकील. १८१३ च्या सनदी कायद्याने इलाख्यांतील या अधिकाऱ्यांना इंग्लंडच्या अॅटर्नी-जनरलप्रमाणे न्यायालयात फिर्याद गुदरण्याचा अधिकार दिला, आणि या पदाला दुहेरी रूप आले. एकीकडे तो सरकारचा वकील राहिला. दुसरीकडे, ज्यांना स्वतःची दाद मागता येत नाही अशा सार्वजनिक धर्मादायांचा तो रक्षक ठरला. खोजा समाजातील सुधारकांनी आगाखानांविरुद्ध लढविलेला आणि न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांनी १८६६ च्या नोव्हेंबरात निकालात काढलेला प्रसिद्ध दावा याच स्वरूपाचा होता. गाऱ्हाणे समाजातील मंडळींचे, परंतु कागदोपत्री वादी अॅडव्होकेट-जनरल! नाव शासनाच्या अधिकाऱ्याचे आणि तक्रार प्रजेची, ही योजना वरवर विचित्र वाटली तरी तिच्यामागे मोठे तत्त्व होते. सार्वजनिक हिताचा भंग झाला तर त्याची दाद मागणे हे राजसत्तेचेच कर्तव्य होय, असे ती मानीत असे.

हे तत्त्व ठाणे जिल्ह्यात पोचताना मात्र बदलले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ९२ व्या कलमान्वये सार्वजनिक विश्वस्तनिधीसंबंधी दावा एकतर अॅडव्होकेट-जनरलने स्वतः लावावा, किंवा हितसंबंध असलेल्या दोन अथवा अधिक व्यक्तींनी त्याच्या लेखी संमतीने लावावा, असा नियम होता. लगेच पुढचे ९३ वे कलम सांगते की, इलाख्याच्या राजधानीबाहेर हे अधिकार सरकारच्या पूर्वमंजुरीने कलेक्टरलाही वापरता येतील. किन्हवलीसारख्या गावातील एखाद्या देवस्थानाच्या उत्पन्नाचा अपहार झाला असे समजू. अशा वेळी गावकऱ्यांना मुंबईच्या बॅरिस्टराची नव्हे, तर ठाण्याच्या कलेक्टरची मर्जी संपादावी लागे. कलेक्टर हा जमीनमहसुलाचा प्रमुख. देवस्थानाच्या इनामाचे दप्तर त्याच्याच कचेरीत. ज्याच्याशी महसुलाचा तंटा, त्याच्याकडेच धर्मादायाच्या रक्षणासाठी अर्ज करावयाचा, ही स्थिती न्याय्य म्हणणे कठीण आहे. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याने त्या कायद्याखालील संस्थांपुरती ही दोन्ही कलमे बाजूस सारली आणि काम धर्मादाय आयुक्ताकडे सोपविले. प्रजेच्या रक्षणाचा जो जुना अंश या पदात होता, त्याचा मोठा भाग अशा रीतीने निघून गेला.

उरला तो सरकारच्या वकिलीचा अंश. त्याचे उग्र रूप अहमदाबादेस १८ मार्च १९२२ रोजी दिसले. महात्मा गांधींनी गुन्हा कबूल केल्यावरही अॅडव्होकेट-जनरल सर थॉमस स्ट्रँगमन यांनी आरोपांचे गांभीर्य न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे आग्रहाने मांडले. त्यांनी आपले काम चोख केले, एवढेच म्हणता येईल.

संविधानाच्या १६५ व्या अनुच्छेदाने निर्माण केलेला महाधिवक्ता हा जुन्या पदाचा वारस असला तरी त्याचे क्षेत्र सर्व राज्य आहे. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची अर्हता त्याच्या अंगी असावी लागते. राज्य शासनाला विधिविषयक सल्ला देणे आणि राज्यपाल सोपवतील ती विधिविषयक कामे करणे ही त्याची कर्तव्ये होत. १७७ व्या अनुच्छेदान्वये तो विधिमंडळात बोलू शकतो. मत देऊ शकत नाही. मात्र त्याचे पद राज्यपालांची मर्जी असेपर्यंतच टिकते. न्यायाधीशाची अर्हता मागावयाची आणि न्यायाधीशाचे संरक्षण द्यावयाचे नाही, ही विसंगती लवकरच न्यायालयापुढे आली. त्या वेळच्या मध्य प्रदेशाचे महाधिवक्ता टी. एल. शेवडे यांच्या नेमणुकीस वयाच्या मुद्द्यावर करकरे यांनी आव्हान दिले. नागपूर उच्च न्यायालयाने १९५२ साली निर्णय दिला की, न्यायाधीशाच्या निवृत्तीची वयोमर्यादा महाधिवक्त्यास लागू नाही. परंतु त्याच निर्णयात असेही मानले गेले की, राज्यपालांना असलेले वैयक्तिक संरक्षण त्यांनी केलेल्या नेमणुकीस न्यायालयीन तपासणीपासून वाचवीत नाही. मला हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो.

या पदावरील ताण सर्वांत स्पष्ट झाला तो नानावटी प्रकरणात. ११ मार्च १९६० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नानावटींना दोषी ठरविले आणि त्याच दिवशी राज्यपालांनी शिक्षेला स्थगिती दिली. उच्च न्यायालयाचे वॉरंट बजावणी न होता परत आले. तेव्हा महाधिवक्ता होते एच. एम. सीरवाई, १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षे त्यांनी हे पद भूषविले. शासनाच्या आदेशाचे समर्थन हे त्या पदाचे कर्तव्यच होते. परंतु ज्या न्यायालयाच्या हुकमाची अंमलबजावणी थांबली, त्याच न्यायालयाचा महाधिवक्ता हा अग्रगण्य अधिकारी! सर्वोच्च न्यायालयाने ५ सप्टेंबर १९६० रोजी बहुमताने ठरविले की, प्रकरण त्या न्यायालयापुढे विचाराधीन असता राज्यपालांचा स्थगिती आदेश टिकू शकत नाही.

सीरवाईंनी पुढे केशवानंद भारती प्रकरणात केरळ राज्यातर्फे घटनादुरुस्तीचा अधिकार अमर्याद असल्याचा युक्तिवाद केला, आणि नंतर आपल्या ग्रंथात न्यायालयाच्या मूलभूत चौकटीच्या सिद्धांताचा स्वीकार केला. वकिलाचे मत आणि अभ्यासकाचे मत यांत अंतर असू शकते, हे त्यावरून दिसते. ते अंतर त्यांनी उघडपणे दाखविले.

पदावर असताना स्वतःचे मत उघड करणे मात्र निराळे. लोकनायक बापूजी अणे यांचे नातू श्रीहरी अणे हे २०१५ साली महाराष्ट्राचे महाधिवक्ता झाले. वेगळ्या विदर्भाचा पुरस्कार ते आधीपासूनच करीत होते. वेगळ्या मराठवाड्याविषयीही ते बोलले, तेव्हा विधिमंडळात गदारोळ झाला आणि २२ मार्च २०१६ रोजी त्यांनी राजीनामा दिला. शासनाला दिलेल्या एखाद्या सल्ल्यावरून नव्हे, तर राज्याच्या अखंडतेविषयीच्या व्यक्तिगत मतावरून त्यांना जावे लागले. ‘मर्जी’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ किती व्यापक आहे, हे त्या वेळी विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकाबाहेर पाहावयास मिळाले.