उंबराचं फूल

मी चार-चार महिन्यांनी घरी गेलो की माय म्हणायची, "काय रे, उंबराचं फूल झालास!" पण उंबराला फूल नसतं हे खरं नाही. त्याची बारीक फुलं फळाच्या आत असतात. फोडल्याशिवाय दिसत नाहीत. आपला इतिहासही असाच आहे. तो नव्हता असं नाही, कुणी फोडून बघितला नाही.

आपला नाशिक जिल्हा बघा. उंबरठाण, पिंपळगाव. गावांना नावं झाडांची. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी १९०२ साली दादासाहेब गायकवाड जन्मले. नाव गोड फळाचं, पण जगणं गावकुसाबाहेरचं.

पंचवटीची ओळख लोक पाच वडांवरून सांगतात. आपण ती वेगळी सांगू. तिथल्या काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेबांनी तो पाच वर्षं पेटता ठेवला. दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं, हिंदू म्हणून मरणार नाही.

मला वाटतं, त्या दिवशी एक शब्दही नाकारला गेला. 'कर्माचं फळ'. गेल्या जन्मी पेरलं ते या जन्मी उगवलं, म्हणून ओढा मेलेली ढोरं! जमीन कुणाची, पेरलं कुणी, हे विचारायचं नाही. फळ मात्र आमच्याच ओंजळीत.

म्हणी तपासा, दोस्तांनो. 'ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी.' म्हणे गाव एकच. मग विहिरी दोन का? 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट.' निफाड-दिंडोरीच्या बागांत छाटणी, विरळणी करणाऱ्या भूमिहीन बाया-माणसांना ही म्हण लागू नाही. द्राक्ष गोड आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. फक्त बाग त्यांची नाही. दादासाहेबांनी १९५९ आणि १९६४ ला पडीक जमिनीसाठी भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच दुखण्यावर बोट ठेवून. देवळाच्या दारापासून जमिनीच्या तुकड्यापर्यंत लढा एकच होता.

शब्दही जिंकता येतात. ज्या पिंपळाला भुताखेतांचं घर म्हणून आपली माणसं भ्यायची, तोच १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपला बोधिवृक्ष झाला. झाड तेच, माणसं बदलली.

म्हणून एक काम करा. आपापल्या गावातली झाडं लिहून काढा. लावली कुणी, पाणी कुणी घातलं, राखण कुणी केली, फळं कुणी खाल्ली. म्हाताऱ्यांना विचारा, ते आहेत तोवर.

उंबर आपणच फोडायचा आहे. जयभीम.