पोळ्याची रांग : नागपूर परिसरातील ग्राममिरवणूक, मान आणि जमीनहक्क (विशेष संदर्भ : कोराडी परिसर)

प्रस्तावना

ग्रामीण सणांचा अभ्यास आपल्याकडे बहुधा लोकसाहित्याचा किंवा समाजशास्त्राचा विषय मानला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला लिखित पुरावा हवा असतो आणि मिरवणूक असा पुरावा मागे ठेवीत नाही. तथापि, एखादी मिरवणूक दरवर्षी ठरलेल्या दिवशी निघत असेल आणि तिच्यात कोणी कोठे उभे राहावे हे परंपरेने निश्चित झालेले असेल, तर तो क्रम हाच एक ऐतिहासिक दस्तऐवज ठरतो. नागपूर जिल्ह्यातील खेड्यांत भरणारा पोळा या दृष्टीने महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात पोळ्याच्या रांगेचा जमीनहक्कांच्या इतिहासाशी असलेला संबंध तपासला असून, त्यासाठी नागपूरच्या उत्तरेस कामठी तालुक्यात असलेल्या कोराडी परिसराचा विशेष विचार केला आहे.

पोळ्याचे स्वरूप

श्रावण अमावास्येला, म्हणजेच पिठोरी अमावास्येला, पोळा साजरा होतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळले जातात. सणाच्या दिवशी बैलांना कामाला जुंपत नाहीत. त्यांना धुऊन, शिंगे रंगवून, पाठीवर झूल आणि गळ्यात घुंगुरमाळा घालून गावच्या आखरावर नेले जाते. तेथे आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले असते. तोरणाखाली जोड्या रांगेत उभ्या राहिल्या की झडत्या म्हटल्या जातात. या झडत्यांत देवाधिकांबरोबरच गावातील बड्या लोकांचीही थट्टा चालते. मानाच्या जोडीचे पूजन होऊन तोरण तुटले की ‘पोळा फुटतो’ आणि बैल गावाकडे परततात. घरोघरी बैलांना ओवाळून पुरणपोळीचा नैवेद्य दिला जातो व बैल घेऊन येणाऱ्यास बोजारा मिळतो.

रांगेचा क्रम

या प्रसंगाचे एक महत्त्वाचे वर्णन रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीच्या ग्रंथात, कुणबी समाजाच्या प्रकरणात आढळते. शिंगांवर मखर बांधलेला वृद्ध बैल सर्वांत पुढे असे. त्याच्यामागे मालगुजारांचे आणि त्यानंतर कुळांचे बैल येत. कुळांचा क्रम मात्र त्यांच्या संपत्तीवर अवलंबून नसे. गावातील प्रतिष्ठा आणि घराण्याचे परंपरागत स्थान यांवरून तो ठरे. आपला योग्य क्रम डावलला गेल्यास कुणब्याच्या मनाला ते फार लागत असे, अशीही नोंद त्यांनी केली आहे. वंशपरंपरागत हक्कांविषयीचा हा आदर त्यांना मराठी समाजाचे वैशिष्ट्य वाटला.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. हा क्रम खरोखरच अनादी होता काय ? १८५४ मध्ये नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. त्यानंतरच्या जमाबंदीत मालगुजारांना, म्हणजे मुख्यतः सारा वसूल करणाऱ्या मंडळींना, गावाचे मालकीहक्क देण्यात आले. म्हणजेच १९१६ साली जुना भासणाऱ्या या रांगेतील ‘मालक आणि कूळ’ हा भेद कायद्याच्या दृष्टीने जेमतेम अर्धशतकाचा होता. घराण्यांचा मान जुना असेल. परंतु रांगेच्या अग्रभागी बसलेला शिक्का ब्रिटिश महसूलव्यवस्थेचा होता. परंपरा किती लवकर ‘प्राचीन’ होते याचे हे बोलके उदाहरण आहे.

पुढे मध्य प्रदेशाच्या १९५० च्या मालकीहक्क निर्मूलन कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात आली. परंतु मान ही कायद्याने दिलेली वस्तू नव्हती, म्हणून कायद्याने ती काढूनही घेता येत नव्हती. मालकी गेल्यावरही मानाच्या जोडीची कल्पना गावोगाव टिकून राहिली.

रांगेबाहेरचा समाज

वर्षभर बैल राखणारा आणि मिरवणुकीत त्याचा कासरा धरणारा पुष्कळदा सालदार असे. मान मात्र बैलाच्या धन्याचा. भूमिहीनाला या रांगेत स्वतःच्या नावाने जागा नव्हती. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या परंपरांना वेगळा अर्थ प्राप्त होतो. भाद्रपद प्रतिपदेला तान्हा पोळा भरतो. त्यात मुले लाकडी बैल घेऊन निघतात. ही प्रथा दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी सुरू केल्याचे परंपरेने सांगितले जाते. त्याच दिवशी खेड्यांत रोगराई आणि पीडा घेऊन जाण्याचे मारबतीला आवाहन करून तिला गावाच्या सीमेबाहेर टाकले जाते. नागपूर शहरात याच प्रथेची मोठी मिरवणूक झाली. काळ्या मारबतीचा आरंभ १८८१ मध्ये, तर तेली समाजाच्या पिवळ्या मारबतीचा १८८५ मध्ये झाल्याचे मानले जाते. सोबतचे बडगे चालू प्रश्नांवर टीका करतात. पोळ्याची रांग जमिनीवर उभी होती. मारबतीच्या मिरवणुकीत सहभागी होण्यास मात्र जमीनही लागत नाही आणि बैलही.

कोराडीचा संदर्भ

महालक्ष्मी जगदंबेच्या मंदिरामुळे आणि नवरात्रातील यात्रेमुळे कोराडी सर्वपरिचित आहे. १९७४ मध्ये येथील औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच कार्यान्वित झाला आणि या कृषिप्रधान परिसराचे रूप पालटले. केंद्र, वसाहत आणि राखेचे तलाव यांनी मोठे क्षेत्र व्यापले. नोकरीच्या निमित्ताने बाहेरगावची कुटुंबे स्थायिक झाली. पुढे ६६० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. शेतजमीन घटली की बैल घटतो आणि उरलेल्या शेतीत ट्रॅक्टर येतो. १९५० च्या कायद्याने जे साधले नाही ते येथे यंत्राने आणि भूसंपादनाने साधले, असे म्हणावे लागते. मानाचा क्रम कोणी मोडला नाही. त्या क्रमात उभे राहणाऱ्या जोड्याच कमी झाल्या. याउलट तान्ह्या पोळ्याला गोठा लागत नाही. वसाहतीतील, नोकरदाराचे किंवा मजुराचे मूलही लाकडी बैल घेऊन त्यात उभे राहू शकते.

निष्कर्ष

१. पोळ्याची रांग ही गावातील सत्ता व प्रतिष्ठा यांची दृश्य नोंद होती. तिच्यातील काही भाग जुन्या ग्रामव्यवस्थेचा, तर काही एकोणिसाव्या शतकातील जमाबंदीचा होता.

२. मालकी आणि मान यांचे आयुष्य सारखे नसते. मालगुजारी गेल्यावरही मान उरला. बैलावर आधारलेली शेती ओसरू लागली तेव्हा मात्र त्याचा आधार ढासळू लागला.

३. या रांगेविषयी केवळ हळहळणे इतिहासाला धरून होणार नाही, कारण कासरा धरणाऱ्या हातांना तिने मान दिला नव्हता. परंतु ती नोंद न करता नाहीशी होऊ देणेही योग्य नाही. कोणाची जोडी कितव्या क्रमांकावर होती, वाद कधी झाला, तोरण कोणी बांधले आणि झडत्यांत कोणाची थट्टा झाली, हे सांगू शकणारी पिढी आज वृद्धापकाळात आहे. आपल्या महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी याच घरांतून येतात. त्यांच्या साहाय्याने गावोगावच्या मौखिक साक्षी नोंदविल्यास, महसुली कागदांत न सापडणारा ग्रामीण विदर्भाचा इतिहास हाती लागेल. या कामाला आता फार अवधी उरलेला नाही.